हौसरावांच्या हातावरचं अत्तर

सोजराबाईंच्या नाकाचा न्हावरे गावात दबदबा होता. शाळेत शिकवताना त्या मुलांना बजावून सांगत, भूत नाही, करणी नाही, जे असतं ते नाकाडोळ्यांना कळतं. भावकीतल्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी उभं राहून पाहुण्यांच्या पालथ्या हातावर अत्तर लावायचा मान त्यांचाच. दौंडच्या स्टेशनाजवळचा अत्तरवाला त्यांच्यासाठी एक कुपी बाजूला काढून ठेवी.

आणि अत्तर होतंही तसंच. लावल्या लावल्या केवडा नाकात घुसायचा, आगाऊ पाहुण्यासारखा. पंगती बसेपर्यंत तो दमायचा आणि खालून गुलाब वर यायचा. उन्हं कलू लागली की वाळा, थंडगार. शेवटी चंदन, आणि खरी गंमत तिथंच. चंदन प्रत्येकाच्या कातडीशी वेगळं वागायचं. सासूबाई दगडाबाईंच्या हातावर त्याला लवंगेचा तिखटपणा येई, भाची ललिताच्या हातावर ताज्या ताकाचा आंबूसपणा. सोजराबाईंच्या स्वतःच्या हातावर ते कोरडं, खडूसारखं होई. त्यांचे यजमान हौसराव गुऱ्हाळावर गूळ करणारे, गुळव्या. त्यांच्या हातावर काकवीचा वास उमटे, जरासा करपट. गुऱ्हाळ बंद असतानाही तोच. माणसाचा चेहरा बदलेल, आवाज बदलेल, हे बदलत नाही, याचं सोजराबाईंना फार कौतुक वाटे.

ते हौसराव बहात्तरच्या दुष्काळात कामाला म्हणून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. अठ्ठ्याहत्तर उजाडल्यावर एका सकाळी दारात उभे राहिले. तोच चेहरा, भुवईवर तीच खोक. दगडाबाईंनी गळ्यात पडून रडून घेतलं, गावानं पेढे खाल्ले. सोजराबाईंनी मात्र त्यांचं अंथरूण ओसरीवर घातलं. त्यांचा नवरा विसरभोळा होता. या माणसाला सगळं आठवत होतं, सासुरवाडीच्या म्हशीच्या पाठीवरच्या डागापर्यंत. त्यांना त्याची भीती वाटत होती आणि भीती वाटते याची लाजही.

"माझं लेकरू मला कळंना व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. "आजून किती दिस भाईर निजवणार हायस त्याला?"

"ललिताच्या लग्नापत्तूर, आत्या. मग सांगते."

लग्न वडगाव रासाईला, भीमेच्या काठी होतं. मांडवाशी हौसरावांनी हात पुढे केला. सोजराबाईंनी कुपीतली काडी त्यावरून फिरवली.

"सांजच्याला हुंगून बघशील," ते म्हणाले. "आन् गुळव्याचा हात म्हणशील. कायम म्हणायचीस."

हेही त्यांना आठवत होतं.

पंगतीत वाढताना सोजराबाई त्यांच्यापाशी वाकल्या. गुलाब आला होता. उन्हं कलू लागल्यावर विडा द्यायचं निमित्त काढलं. आता वाळा, अगदी जेव्हा यायचा तेव्हा. भीती होती तरी त्या अत्तराची करामत पाहून त्यांचं मन हरखलं. एवढ्याशा थेंबात दिवसभराचा संसार भरलेला, आणि एकाचाही पाय दुसऱ्याच्या पायात नाही.

दिवस मावळताना त्यांनी हौसरावांना मांडवामागच्या लिंबाखाली गाठलं आणि त्यांचा हात नाकाशी नेला.

चंदन. त्याखाली काकवी, जराशी करपट.

सोजराबाईंना रडू कोसळलं. केवढा अन्याय केला आपण या माणसावर.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आज अंथरूण आत घालते."

"बरं," हौसराव म्हणाले. हात मात्र त्यांनी लगेच सोडवून घेतला नाही.

नवरी निघाली. ललितानं मामीच्या गळ्याला मिठी मारली. तिचा हात सोजराबाईंच्या गालाला लागला.

काकवीचा वास आला.

मघाशी हौसरावांचा हात धरला होता, तोच वास आपल्या हातून तिला लागला असेल, असं त्यांना वाटलं.

दगडाबाई नातीचे डोळे पुसत होत्या. सोजराबाईंनी त्यांचा हात धरला, आधार दिल्यासारखा. लवंग कुठंच नव्हती. करपट काकवी होती.

मग त्या निरोपाच्या मिषानं एकेकाचा हात हातात घेत सुटल्या. व्याह्यांचा घेतला. विहीणबाईंचा. हलगी वाजवणाऱ्या म्हाळूचा.

सगळीकडे तोच वास.

शेवटी त्यांनी स्वतःचा हात वर केला.

खडू नव्हता.

"सोजर, यष्टी आली," हौसरावांनी हाक मारली. दगडाबाई आधीच आत बसल्या होत्या. हौसराव पायरीवरून वाकले आणि त्यांनी सोजराबाईंना वर घ्यायला तोच अत्तराचा हात दिला. मागून माणसं ढकलत होती. त्या हाताला धरूनच चढावं लागलं, आणि चढताना तो नाकाजवळ आला.

त्या हाताला कसलाच वास नव्हता. घामाचासुद्धा.