चौदा नंबरचं बटण

इरा, आधी ती शाल घे. मयंक, गच्चीवरचा दिवा मालव, डोळ्यांवर येतो. हं. आता सांगतो. माझ्या मनचं नाही, विश्रामच्या बाबतीत घडलेलं. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात आम्ही तीस वर्षं शेजारी शेजारी काम केलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही.

दोन वर्षं झाली. तेरा जानेवारी, उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, आदली रात्र, नऊ वाजून वीस मिनिटं. विश्राम प्रतापनगरपासून जवळच, अकोट्याला, अहल्यावहिनींच्या घरी पोचला. काम एवढंच उरलेलं, की जुन्या ज्यूकबॉक्सला नवी सुई बसवायची.

"ज्यूकबॉक्स म्हणजे स्पीकर ना, आजोबा?" मयंकने विचारलं.

कपाटाएवढं मशीन असतं, बेटा. समोर काच. आत तबकड्या उभ्या लावलेल्या, मांडणीत ताटं लावतात तशा. नंबराचं बटण दाबलं की आतला लोखंडी हात ती तबकडी उचलतो, वाजवतो, पुन्हा जागेवर ठेवतो. वहिनींचे यजमान जगदेवराव. त्यांच्या स्टेशनजवळच्या हॉटेलातलं हे मशीन. हॉटेल बंद झालं, मशीन घरी आलं. जगदेवराव गेले आणि ते मुकं झालं. अकरा वर्षं. आता एक कॅफेवाला ते मागत होता. सोळा तारखेला टेम्पो येणार होता.

त्या रात्रीआधी विश्राम महिनाभर खपला होता. मोटर भरून आणली, पट्टे बदलले, गंज घासून काढला. बटणं पुसताना त्याच्या लक्षात आलं, की सगळी बटणं बोटांनी झिजलीत आणि चौदा नंबरचं मात्र कोरं करकरीत आहे. मागून पाहिलं. काडेपेटीची काडी अडकवून वर मेण ओतलेलं. मुद्दाम.

त्याने चौदाव्या खाचेतली तबकडी वहिनींना दाखवली. त्या खालीच बसल्या. ते त्यांचं गाणं होतं. लग्नाआधी, एकोणिसाव्या वर्षी म्हटलेलं. तबकडी फुटली, असं जगदेवरावांनी सांगितलं होतं. घरच्या बाईचा आवाज गिऱ्हाइकांनी ऐकायचा नाही, हा त्यांचा कायदा. चाळीस वर्षं वहिनी हॉटेलच्या मागच्या खोलीत बटाटे सोलत राहिल्या, आणि पुढे जगाची गाणी वाजत राहिली. आता घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज घोगरा. त्यांचा गळा उरला होता तो त्या तबकडीतच.

"मग त्यांनी फेकून का नाही दिली?" इरा म्हणाली.

ते कोणालाच कळलं नाही, बाळ.

तर त्या रात्री विश्रामने सुई बसवली. मशीनमध्ये हात घालायचा तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, ही आमची वर्कशॉपातली सवय. दुसऱ्याने चुकून चालू करू नये म्हणून. फ्यूज खिशात होता. त्याने मेण खरवडलं. काडी ओढून काढली.

आणि मशीनमधला दिवा लागला.

हात हलला. सात नंबरवर गेला. ती जगदेवरावांची आवडती तबकडी, हॉटेल उघडताना लावायची. गाणं सुरू झालं. विश्रामने खिसा चाचपला. फ्यूज तिथेच.

"शॉर्ट सर्किट असेल," मयंक म्हणाला.

असेल. भिंतीतून काढलेली वायरची पिन जमिनीवर पडली होती, तरी असेल.

"वहिनी, बाहेर चला," विश्राम म्हणाला.

"कुठे जाऊ? चाळीस वर्षं यांनी नुसतं बघितलं की मी आत जायचे. आज नाही, विश्रामभाऊ."

त्यांनी काच उघडली. फिरती तबकडी उचलून बाहेर ठेवली. हात आठवर गेला. त्यांनी आठ काढली. नऊवर गेला. नऊ काढली. तो पुढे... त्या मागे.

मग त्या लोखंडी हाताने त्यांचं मनगट धरलं.

तबकडी धरावी तसं. घट्ट.

"सोडा," वहिनी म्हणाल्या.

...

सोडलं.

एकेक करत सगळ्या काढल्या. एकच उरली. हात रिकाम्या खाचांवरून फिरला. या टोकाला... त्या टोकाला... चौदावर थांबला. उचलेना.

बाहेर रस्त्यावर पोरं पतंगाची दोरी रंगवत होती, ती गप्प झाली होती. कुत्रंही भुंकत नव्हतं.

"मी इथेच उभी आहे," वहिनी म्हणाल्या. "सकाळ झाली तरी."

...

हात वाकला. तबकडी उचलली.

आणि एकोणीस वर्षांची मुलगी गायला लागली.

तीन मिनिटं. वहिनी हलल्या नाहीत. विश्राम म्हणतो, असा गळा त्याने पुन्हा ऐकला नाही. गाणं संपलं. दिवा आपोआप गेला.

टेम्पोवाल्याला वहिनींनी नंतर परत पाठवलं, ते वेगळं. त्या रात्री विश्रामने बॅटरी लावली, उजेड बटणांवर पडला. प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी असते, गाणाऱ्याचं नाव लिहायला. चौदाची पट्टी कायम कोरी.

तिच्यावर आता नाव होतं. अहल्या शिर्के. माहेरचं. अक्षर तिरकं, जगदेवरावांचं.

वहिनी पट्टीजवळ वाकल्या.

"उशीर केलात," म्हणाल्या, आणि नावावर बोट टेकवलं.

बोटाला शाई लागली.