शून्य वाजत नाही

धाड्कन दार आदळलं, बाहेरून कडी पडली आणि मालडब्यात गुडुप अंधार झाला!

"अवो दौलतरावबाबू! आमी आत आहो!" मनकर्णा जीव तोडून ओरडली. पण बाहेर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. त्या धडधडीत तिचं कोण ऐकणार!

"ताई, गाडी कुठी चालली?" दहा वर्षांच्या चिंधूने रडवेल्या आवाजात विचारलं.

"विशाखापट्टणमले. रिकामे डबे तिकडंच जातेत."

हा डबा मात्र रिकामा नव्हता. नटबोल्टांच्या वीस पेट्या यार्डातून गायब झाल्या होत्या, आणि यार्डात हमाली करणाऱ्या त्यांच्या बाबांवर, भैयालालवर, चोरीचा आळ आला होता. वहीत पेट्यांपुढे डबा नंबर ३०३० होता. तसला डबाच यार्डात नव्हता. आज दोघांना एक 'रिकामा' डबा दिसला. त्याच्या स्प्रिंगा चांगल्याच दबल्या होत्या! आत शिरले, तर पेट्या समोर! डब्याचा नंबर होता ३००३०. यार्डाचे कारकून दौलतरावबाबू यांनी वहीत लिहिताना एक शून्य खाल्लं होतं. आणि आता आत न डोकावताच दारही लावलं होतं!

पत्रा तव्यासारखा तापला होता. गाडी सुटली तर पेट्याही जातील आणि बाबा जन्मभर चोर ठरतील!

"कमलिनी येईल नं?" चिंधू म्हणाला.

हो की! मैत्रीण कमलिनी उशिरा का होईना, येणारच होती. आणि आल्याबरोबर रुळाला कान लावून इंजिनाचा अंदाज घ्यायची तिची खोडच होती.

चिंधूने बोल्ट उचलून चाकावरच्या लोखंडावर ठोकला. ठक ठक ठक...

"थांब! शून्य कसं वाजवशील? तिले तीन-तीनच ऐकू येईल. बाबूसारखंच होईल!"

खडाड्! डबा हादरला. इंजिन जोडलं होतं! मनकर्णाला रडू फुटलं. रडता रडताच तिला गुरुजींची गंमत आठवली: सात, अकरा, तेरा गुणले की एक हजार एक. त्याची तीसपट म्हणजे तीस हजार तीस! आणि तीस म्हणजे दोन, तीन, पाच. साऱ्या मूळ संख्या, अन् शून्य एकातही नाही!

ती ठोकत सुटली. दोन. तीन. पाच. सात. अकरा. तेरा. पुन्हा दोनपासून. हाताला फोड आले. शिट्टी झाली, गाडीने हिसका दिला...

आणि थांबली! दार उघडलं, उजेड आत घुसला.

"रुळात ठोके आयकून धावली, तर बाबू म्हणे, नंबर सांग, साठ डब्यांची दारं उघडत बसू का!" कमलिनी धापा टाकत होती. "सहा मूळ संख्या! मातीत गुणाकार केला मी, तीस हजार तीस!"

मागे भैयालाल उभा होता. त्याने दोन्ही लेकरांना छातीशी धरलं. "माह्यी वाघरं!" एवढंच त्याला बोलता आलं.

दौलतराव पेट्यांकडे बघतच राहिले. "भैयालालभाऊ, चुकलं माह्यं. एका शून्यापायी तुले चोर ठरवलं." त्यांनी वही काढली, ३०३० मध्ये राहिलेलं शून्य घातलं आणि वही मनकर्णापुढे धरली.

"तपासून घे, माय," ते म्हणाले.