टिकटिकणारा बूट

“खेळ मोडायचा असेल, तर आधी शेवटच्या लपलेल्याला हाक मारायची. ‘चल, संपलं’ म्हटल्याशिवाय घरी यायचं नाही. हा नेम आहे, बरं का!”

आई असं म्हणायची. आईला जाऊन वर्ष झालं होतं. पण खेळ मोडला की ती मुलगी अजूनही मैदानाकडे तोंड करून एकदा हाक मारायची आणि मगच वळायची. कुणी उरलेलं असो वा नसो, नेम म्हणजे नेम.

“आली आमची शेपूट!” काल संध्याकाळी तेरा वर्षांचा मावसभाऊ हसला. प्रत्येक गोष्टीत मुद्दे काढतो म्हणून त्याचं नाव वकील. “काय गं, झाडांना हाक मारून झाली?”

“झाडं कुठे पळून जातायत? पळाली तर केवढी मज्जा! मग बसमध्ये जागा पुरेल का?” त्याची बहीण म्हणाली. तिचं नाव रेडिओ. ते का, हे सांगायला नकोच.

‘शेपूट’ म्हणजे तीच. सुट्टीला ती मावशीच्या कुटुंबाबरोबर रानातल्या या छोट्या छोट्या घरांत राहायला आली होती. आल्या आल्या मावशीने व्यवस्थापकांना सांगितलं होतं, “आम्ही चौघं, आणि ही.” मावशी मायाळू होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण ते ‘आणि ही’ शेपटीसारखं मागे मागे येत राहिलं.

आज सकाळपासून मैदानावर नुसती धमाल चालली होती. सात कुटुंबं, सगळी अनवाणी! “पायांना माती लागू द्या!” असा खेळ घेणाऱ्या शिट्टीवाल्या सरांचा हुकूमच होता. बूट-चपला मैदानाच्या कडेला ओळीने मांडल्या होत्या. रस्सीखेच झाली, तीन पायांची शर्यत झाली. पोत्याच्या शर्यतीत मावशीचे यजमान, म्हणजे काका, तिसऱ्याच उडीला आडवे झाले आणि “जमीन मध्येच आली!” म्हणाले. शेवटी डबा ऐसपैस सुरू झालं, तेही मोठ्या माणसांसकट! राज्य खुद्द सरांवर होतं.

आणि खेळ ऐन रंगात असताना बस आली, अर्धा तास आधी! तळ्याकाठी जेवायला जायचं होतं. सरांनी शिट्टी फुंकली. दोरी अन् पोती गोळा करत ते ओरडले, “चला, चला! सगळे आहेत ना?”

“आमचे आहेत!” काका म्हणाले.

“आमचेही!” बाकीच्या सहा कुटुंबांनी सहा वेळा सांगितलं.

बसमध्ये मोठ्याने गाणी लागली. सगळे आपापल्या चपला पायांत सरकवून पळाले. शेपूट मात्र आपला नेम करायला थांबली आणि तिला ते बूट दिसले.

तपकिरी, जुने, टाचेला झिजलेले, पण आरशासारखे पुसलेले. अख्ख्या ओळीत आता तेवढेच उरले होते. ती वाकली.

टिक, टिक, टिक...

“ए! इकडे या! बूट टिकटिक करतोय!”

“आत खेकडा असेल!” रेडिओ दोन पावलं मागे सरली.

“खेकडा टिकटिक करतो, याला पुरावा काय?” वकिलाने बुटात हात घातला. मोज्यात नीट गुंडाळलेलं एक खिशातलं घड्याळ बाहेर आलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटच्या घरात एक आजोबा एकटेच उतरले होते. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. काल ओट्यावर बसून त्यांनी शेपटीला हेच घड्याळ उघडून दाखवलं होतं. “हे माझ्या बायकोचं. हे घेतल्याशिवाय मी दाराबाहेरसुद्धा पडत नाही,” असं म्हणाले होते.

“मग ते बसमध्ये नाहीत,” शेपूट म्हणाली. “ते अजून लपलेले आहेत!”

तिघं धावत सरांकडे गेली. सर यादीची घडी करत होते. “अरे, सगळ्या कुटुंबांना मी विचारलं. एकटा माणूस, गेला असेल कुठे फिरायला.”

“अनवाणी? घड्याळ ठेवून?” वकील म्हणाला.

“येईल रे! चढा आत, उशीर होतोय.”

“तुम्ही कुटुंबं मोजलीत, सर. ते कुणाच्या कुटुंबात आहेत?” शेपटीने विचारलं.

पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि तो प्रश्न त्यात बुडून गेला. बस एकदा गेली की संध्याकाळीच परतणार होती. व्यवस्थापकही बसमध्ये बसले होते. मागे कुणीही राहणार नव्हतं.

“एक उपाय आहे,” वकील कुजबुजला. “आपण लपायचं! पोरं दिसत नाहीत म्हटल्यावर बस हलेलच कशी?”

“तुम्ही दोघं लपा,” शेपूट म्हणाली. “मी शोधते. मी लपले तर बस थांबेलच असं नाही.”

रेडिओने शेपटीचा हात घट्ट दाबला. मग दोघं पाण्याच्या टाकीमागे पळाली. थोड्याच वेळात मावशीची हाक ऐकू आली, “अरे, माझी मुलं कुठायत? ड्रायव्हरभाऊ, थांबा!”

इकडे शेपूट मैदानाच्या कडेने चालत होती. सरांनी सकाळीच चुन्याची पांढरी रेषा आखली होती. एका जागी ती पुसट झाली होती आणि तिथून पुढे काळ्या फरशांवर पांढरी पावलं उमटली होती. मोठी, अनवाणी. ती पावलं खेळांच्या सामानाच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत गेली होती. परत आलेलं पाऊल एकही नव्हतं!

दाराला बाहेरून कडी होती. पत्रा उन्हाने असा तापला होता की हात लावताच चटका बसला. आतून फार हळू टकटक ऐकू येत होती. बसच्या गाण्यांत ती कुणाला ऐकू जाणार? कडी उंच होती. शेपूट धावत मैदानात गेली, खेळातला डबाच उचलून आणला, पालथा घातला आणि त्यावर चवड्यांवर उभी राहिली. एक हिसका, दोन हिसके, कडी निघाली!

आजोबा पोत्यांवर बसले होते. कपडे घामाने चिंब, ओठ कोरडे.

“चला आजोबा, संपलं,” ती म्हणाली.

“संपलं होय?” ते क्षीण हसले. “सर दोरी टाकायला आत आले ना, तेव्हा मी श्वास रोखून धरला. राज्य त्यांच्यावर! ते कडी लावून गेले, वाटलं, फसवलं त्यांना. पुढचा बराच वेळ मी मुद्दामच गप्प बसलो गं. वाटलं, शोधत असतील.”

“सापडले! पाणी आणा!” शेपूट इतक्या जोरात ओरडली की बसमधली गाणी बंद पडली.

मग सगळेच धावले. काकांनी आजोबांना सावलीत आणलं, मावशीने ओला रुमाल डोक्यावर ठेवला. पाणी पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. सरांनी मान खाली घातली. “चूक माझी. माणसं मोजायची सोडून मी कुटुंबं मोजली. पोरांनो, तुम्ही आज माझे डोळे उघडलेत!”

“आणि तुमचे कान पिळायचे राहिले, तेही आज माफ!” काका म्हणाले. वकील आणि रेडिओ टाकीमागून ऐटीत बाहेर आली.

संध्याकाळी सरांनी एकेका माणसाच्या खांद्याला हात लावून मोजलं. मावशीपाशी आल्यावर ती म्हणाली, “आम्ही पाच,” आणि तिने शेपटीला जवळ ओढलं.

आजोबांनी घड्याळ खिशात ठेवलं. “तू मला सोडवलंस, पण खेळात नाही हं. उद्या खेळात शोधशील? मोजून?”

“शोधीन. शंभरपर्यंत मोजून.”

दुसऱ्या दिवशी सगळे अजून झोपले होते. शेपूट डबा घेऊन मैदानात आली. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक चादर वाळत होती. चादरीखाली दोन तपकिरी बूट स्पष्ट दिसत होते.

ती लगेच झाडाकडे वळली, डोळे गच्च मिटले आणि एकही आकडा न गाळता मोजू लागली. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर.

मग कुणालाही न उठवता, हलक्या पावलांनी, ती शोधायला निघाली.