खिडकीजवळची फुलपाखरं

"पडदा! पडदा कुणी उघडला?"

मागून आवाज आला आणि माझ्या हातून फोन पडता पडता वाचला. फोनवर आई होती. संग्रहालयाच्या त्या मागच्या खोलीत रेंज फक्त खिडकीपाशी यायची, म्हणून मी जाड पडदा सारून काचेला चिकटून उभी होते. एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस थेट माझ्या अंगावर चालून आला. त्यानं खस्सकन पडदा ओढला आणि टेबलावरच्या उघड्या खणावर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"सॉरी... आईचा फोन होता," मी म्हणाले.

"आईंना सांगा, इथे दीडशे वर्षांची म्हातारी मंडळी झोपलीत."

"कोण?"

"फुलपाखरं." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. हसला नाही — पण आलेलं हसू गिळलं, ते मला दिसलं.

तो तिथला संग्रहपाल. टाचणीला टाचलेल्या हजारो किड्यांचा पालक म्हणा ना. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, पडदेवाले.

आणि मी? मी उत्क्रांतीच्या शास्त्राची इतिहासकार. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे डायनासोर?" मग मी समजावते, की मी जीवांचा इतिहास लिहीत नाही, जीव कसे बदलतात याबद्दल माणसांनी काय काय विचार केला, त्याचा लिहिते. मग लोक "अच्छा" म्हणून चहाकडे वळतात. पडदेवाले वळले नाहीत. "मग आमच्या म्हाताऱ्यांकडे काय काम काढलंत?" त्यांनी विचारलं.

काम होतं त्या एका खणात. जुन्या काळच्या एका संग्राहकानं एकाच जातीची फुलपाखरं त्यात ओळीनं लावली होती. एका टोकाला गडद तपकिरी, मग जरा फिकी, मग आणखी फिकी, आणि दुसऱ्या टोकाला अगदी दुधाच्या चहासारखी. माझं म्हणणं असं, की एक जात हळूहळू कशी बदलत जाते हे त्याला दाखवायचं होतं, आणि तेही असं बोलायची फारशा कुणाची छाती नव्हती तेव्हा! या एका ओळीवर माझा अख्खा प्रबंध उभा होता. आता तिच्यावरच विद्यापीठातल्या कायमच्या जागेसाठीचं माझं निवडीचं व्याख्यान उभं राहणार होतं.

ती जागा मला मिळाली नाही, तर महिनाअखेरीस माझं कंत्राट संपणार होतं. आईनं काकांच्या शाळेत शब्द टाकूनही ठेवला होता. तोवर मी ताईकडे, तिच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या गादीवर. भाऊजी रोज जेवताना सुरू व्हायचे, "उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, हे मान्य. पण मेहुणीच्या नोकरीला?" ताई त्यांना डोळ्यांनी गप्प करायची आणि मला भात वाढायची. मला घास उतरायचा नाही. नखं कुरतडून बोटं लाल.

"नखं खाऊ नका," पडदेवाले एकदा म्हणाले. "खणांना औषध मारलेलं असतं. माझ्याकडे एकही इतिहासकार मेलेला नाही अजून."

"चिंता माझी का खणाची?"

"खणाची," ते म्हणाले... आणि कानापर्यंत लाल झाले.

त्यांनी मला चिमट्यानं टाचणी धरायला शिकवलं. दिव्याच्या लहानशा उजेडात दोघांची डोकी जवळ जवळ. "श्वास रोखून बोला, पंख थरथरतात."

"श्वास रोखून कसं बोलणार?"

"म्हणजे गप्प बसा, हे मी सभ्यपणे सांगतोय."

मी गप्प बसले. माझं फुलपाखरू नीट बसलं, पण हात मी उगाच तिथेच ठेवला. त्यांनी तो धरला नाही. फक्त शेजारी स्वतःचा हात टेकवून ठेवला, करंगळीला करंगळी लागेल न लागेल असा. मला ते फार आवडलं, हे कबूल करते.

आणि मग व्याख्यानाला आठवडा उरला असताना ते अचानक बदलले. मी गेले की कामात असायचे. चहाला नाही म्हणायचे. नजर चुकवायचे. मी खण मागितला तर "दुरुस्ती चालू आहे, टाचण्या गंजल्यात," एवढंच. माझ्या मनाला काय, वाईट शोधायला निमित्तच हवं असतं. याचं लग्न ठरलेलं असणार. नाहीतर माझी बडबड नकोशी झाली असणार. नोकरीची धास्ती कमी होती म्हणून की काय, त्यात ही एक भर!

व्याख्यानाच्या आदल्या दुपारी मी तरातरा गेले आणि विचारलंच. "माझं काही चुकलं का?"

त्यांनी कपाटातून खण काढून टेबलावर ठेवला. फिकट टोकाकडच्या एका फुलपाखराचा पुढचा पंख निखळून बाजूला पडला होता.

"टाचणी बदलताना माझ्या हातून निघाला. आता मागचा पंख बघा."

मी भिंग लावलं. जिथे पुढचा पंख इतकी वर्षं मागच्या पंखावर टेकलेला होता, तिथे एक पट्टी होती. गडद तपकिरी, पहिल्या टोकाच्या फुलपाखरासारखीच. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागे मूळ रंग दिसतो ना, अगदी तसं.

मी भिंग खाली ठेवलं.

"ही फिकी नव्हतीच?"

"सगळी सारखीच गडद होती. हा खण कित्येक वर्षं बाहेरच्या दालनात काचेखाली होता. हे टोक खिडकीकडे, ते टोक भिंतीकडे. त्या माणसानं काही दाखवलं नव्हतं. उन्हानं रंग उडवला."

"कधी कळलं तुम्हाला?"

"...आठवडा झाला."

"आठवडा! आणि उद्या माझं व्याख्यान आहे!"

"तुमचा चेहरा बघितला की धीर होईना. रोज ठरवायचो, उद्या सांगू."

"हे माझ्या भल्यासाठी केलंत, असं म्हणू नका फक्त," मी म्हणाले. पर्स उचलली आणि निघाले. माझं भिंग तिथेच राहिलं.

रस्त्याच्या कडेला थांबून मी रडून घेतलं. राग त्यांचा होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. इतिहासकार म्हणवते मी! मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते शोधत बसले आणि खोलीला खिडकी कुठे होती, हे विचारायचं मला सुचलं नाही. तेच जुनं व्याख्यान द्यावं, कुणाला कळणार आहे, असंही मनात येऊन गेलं. पण ती तपकिरी पट्टी काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी मी निवड समितीसमोर उभी राहिले. "मी आज वेगळं बोलणार होते," मी म्हणाले. "काल कळलं, की माझं चुकलंय." खोलीत चुळबुळ झाली. मी सगळं सांगितलं. खण, ऊन, निखळलेला पंख. मग म्हणाले, की या खणावर माझ्याआधीही काही अभ्यासकांनी लिहिलंय, आणि प्रत्येकाला त्यात आपापल्या काळाची लाडकी उत्क्रांती दिसली. खरं तर आम्ही सगळे खिडकीतल्या उन्हाकडे बघत होतो. आता मला हा इतिहास लिहायचाय.

"म्हणजे तुमचं इतक्या वर्षांचं काम वाया गेलं?" एका वृद्ध सरांनी विचारलं.

"निम्मं गेलं, सर."

व्याख्यान सगळ्यांना खुलं होतं; शेवटच्या रांगेत कुणीतरी हसलं. विस्कटलेले केस! मी नजर वळवली. अजून राग होता ना.

शुक्रवारी दुपारी विभागप्रमुख बाई निकाल सांगायला फोन करणार होत्या. ताईच्या घरी बसवेना. ती दर थोड्या वेळानं पाणी आणून देत होती आणि भाऊजी चक्क गप्प होते, ते तर फारच भीतिदायक. भिंग आणायचं निमित्त काढून मी संग्रहालयात गेले. ते टेबलाशी वाकून तोच पंख चिकटवत होते.

"भिंग राहिलंय माझं," मी म्हणाले.

"माहीत आहे. पुसून ठेवलंय." मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून त्यांनी विचारलं, "आज येणार ना? रेंज..." आणि उठून त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा पूर्ण बाजूला सारला.

आम्ही दोघं खिडकीपाशी उभे राहिलो. आणि फोन वाजला. मी उचलायला बोट पुढे केलं.

"थांब," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'. "उचलण्याआधी माझं ऐक. मागच्या वेळी मी तुझ्या भल्यासाठी गप्प बसलो नव्हतो, भ्यालो होतो. आता उशीर नाही करणार. नोकरी मिळाल्यावर बोललो तर तुला वाटेल, अभिनंदनाच्या भरात बोलला. नाही मिळाली तर वाटेल, कीव आली. म्हणून आत्ताच, वाजतोय तोवर... मला तू आवडतेस. नखं खातेस तरी. काकांच्या शाळेत गेलीस तरी. खूप आवडतेस."

फोन वाजायचा थांबला.

"बंद झाला," तो घाबरून म्हणाला. "अरे बापरे. लाव, लाव परत!"

"नाही." मी फोन पाठीमागे धरला. "मग मीसुद्धा आधीच सांगते. मलाही तू आवडतोस. त्या करंगळीपासून. पण पुन्हा काही लपवलंस ना, तर बघ."

त्यानं मान हलवली. या वेळी हसू गिळलं नाही.

मग मी फोन लावला. बाई नेहमीच्या कोरड्या आवाजात बोलल्या, "निवड झाली आहे तुमची. एकमतानं नाही, हे आधीच सांगते." मी काहीतरी आभार पुटपुटले आणि फोन ठेवला.

"काय? काय म्हणाल्या?" त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा.

मी तोंड उघडलं, आणि त्याच्या खांद्यावरून माझी नजर टेबलावर गेली. अख्खा खण लखलखीत उन्हात उघडा पडला होता. ज्या माणसानं आईच्या फोनलाही दयामाया दाखवली नव्हती, त्याला याचा पत्ताच नव्हता.

"पडदा!" मी ओरडले.

"अरे देवा!" तो वळला. आम्ही दोघंही एकदमच धावलो, एकाच पडद्याला झोंबलो, आणि त्यानंतरच्या अर्ध्या अंधारात मी त्याला नोकरीचं सांगितलं.