एका दाताची खूण

भुताखेतांवरून मी कुणाशी वाद घालत नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पन्नास वर्षं होऊन गेली. डिसेंबरातली दुपार, सव्वातीनची वेळ.

आमचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. थंडी पडली की गिरणीतले उंदीर ऊब शोधत आमच्याकडे यायचे.

त्यांचा बंदोबस्त आमच्या यांच्या आत्याबाईंकडे. तरुणपणी त्यांचं तान्हं मूल पाळण्यात उंदीर चावून, तापाने गेलेलं. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला त्या भिंतीवरून तळहात फिरवत फटी शोधायच्या.

"सूनबाई, पेन्सिल शिरली की उंदीर शिरला समज."

चिंधीचा घट्ट बोळा वळायच्या, टोक दाताखाली दाबून चपटं करायच्या आणि फटीत ठोकायच्या. तोंडात एकच दात उरला होता. प्रत्येक बोळ्यावर त्याची एक खोल खूण.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर आत्याबाई गेल्या. माझी लेक तेव्हा चार महिन्यांची.

आठवड्याभरात स्वयंपाकघरातल्या फटीत नवा बोळा दिसला.

मी यांना म्हटलं, "कधी नव्हे ते घरात लक्ष घातलंत!"

"मी? मला शर्टाचं बटण लावता येत नाही, बोळे कसले वळतोय!"

मी बोळा उपसून पाहिला.

एका दाताची खूण.

आणि तो... ओला होता.

तो तसाच परत फटीत बसवला. खरं सांगू? भीती वाटली, पण बरंही वाटलं. रोज एक फट आपोआप बुजत होती. तान्ह्या मुलीपायी मला बसायला फुरसत नव्हती.

मग माझ्या हातून ती चूक झाली.

पाळण्याखाली उंदीर दिसला. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "आत्याबाई, या खोलीत एकही फट ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी. पाळण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, खिडकी बोटभर उघडी ठेवली, दार नुसतं लोटलं आणि मागे धुणं वाळत घालायला गेले. वीस मिनिटं... फार तर पंचवीस.

परत आले. गिरणी बंद होती. घरात चिटपाखरू नाही.

लेकीची उठायची वेळ टळून गेली होती. तरी आवाज नाही...

दार ढकललं. हलेना.

त्या दाराला कडी नव्हतीच.

खांद्याने धक्के मारले. चौथ्या धक्क्याला दार उघडलं आणि कडेचे बोळे सुटून पडले.

आतल्या बाजूला.

खिडकी बंद. तिच्या फटीत बोळे. झरोक्यात बोळे. भिंतीतल्या खिळ्याच्या भोकातसुद्धा.

लेकीची मान लुळी पडली होती.

उचलून अंगणात धावले. पाठीवर थापट्या मारत राहिले. किती वेळ, देव जाणे. मग ती ओकली... आणि रडली.

डॉक्टर चिडले. "कोळसे पेटवून एवढी खोली बंद करतात का, बाई?"

मी लेकीला उराशी धरून घरी आणलं.

आत्याबाईंना तिचं वाईट करायचं होतं, असं मला आजही वाटत नाही. मी सांगितलं, तेवढं त्यांनी केलं. मला भीती त्याचीच वाटते.

ते घर आम्ही सोडलं. आता चौथ्या मजल्यावर राहते. खिडक्या थंडीतही बोटभर उघड्या ठेवते. ही हकीकत ऐकून घरचे हसतात.

सध्या नात तिच्या बाळाला घेऊन राहायला आलीय. काल तिला कपाटामागे उंदीर दिसला.

"अहो आत्याबाई," ती हसत ओरडली, "जरा इकडे बघा हो!"

"गप्प बस!" मी म्हटलं. पण बोलून झालं होतं.

आज दुपारी तिच्या खोलीची खिडकी बंद होती. फट बोटाने चाचपली.

ओलं लागलं.

नातीला पटत नाही. "बाळ आत्ता कुठे झोपलंय, आजी, उठवू नकोस," म्हणते.

म्हणून उंबऱ्यात खुर्ची टाकून, उघडं दार मिटणार नाही असं पाठीने अडवून बसलेय. इथेच बसून हे लिहितेय.

मघापासून दार... माझ्या पाठीला जरा रेटतंय.