पन्नासावर दिलेली ओ

सरका अशी जवळ. आणि हळू बोला रे, खालच्या मजल्यावर माणसं झोपलीत. गोष्टही त्यांचीच आहे.

खालचे तारवाले माहीत आहेत ना? त्यांना तारवाले का म्हणतात, ते तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नसेल. हा माणूस एका संशोधन जहाजावर विंच, म्हणजे तार सोडायचं-ओढायचं यंत्र, चालवायचा. जहाज पार खाली, दक्षिणेला जायचं. तिथून पुढे नुसता बर्फच. वारा असा की कानाखाली वाजवल्यासारखा लागावा. तिथे ठरलेल्या जागी जहाज उभं करायचं, गोल सांगाड्यात बसवलेल्या कमरेएवढ्या बाटल्या तारेने समुद्रात सोडायच्या आणि वर आणताना वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी त्यात भरून घ्यायचं. पाण्यात मीठ किती, प्राणवायू किती, हे बघायला. ऐकायला सोपं वाटतं, पण तारेला झटका बसला तर माणूस दुधातल्या माशीसारखा बाहेर फेकला जातो.

त्या वर्षी तारवाल्याने बायकोच्या धाकट्या भावाला बरोबर नेलं होतं. उंच, लुकडा, कामाचा कंटाळा. सगळे त्याला लंबू म्हणायचे. बायको निघताना एवढंच म्हणाली, "आई गेल्यापासून मीच वाढवलाय त्याला. तुमच्या भरवशावर सोडतेय." तारवाला वरवर हसला, पण ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

लंबूचं काम डेकवर, कठड्यापाशी. तारवाला वर काचेच्या केबिनमध्ये. दोघांच्या डोक्याला हेडफोन. बाटल्या किती मीटर खोल आहेत तो आकडा तारवाल्याने म्हणायचा आणि लंबूने तोच आकडा परत म्हणायचा. याला ते लोक 'ओ देणं' म्हणत. आकडा परत आला म्हणजे माणूस कठड्यापाशी आहे. नाही आला तर विंच जागच्या जागी बंद. काळोखात, लाटांत माणूस आहे की गेला हे कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणून तारवाल्याने लंबूला पार घोटून काढला. जेवताना मध्येच म्हणायचा, "सहाशे!" तोंडात घास असला तरी लंबूने म्हणायचं, "सहाशे." एकदा तर तो घोरत असताना तारवाल्याने कानाशी "सातशे" म्हटलं, आणि पठ्ठ्याने डोळे न उघडता "सातशे" म्हणून कूस बदलली. सगळं जहाज पोट धरून हसलं. त्याला पोपट म्हणायला लागले. तारवाल्याला मात्र त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली. म्हणाला, आता याला काही होत नाही.

मार्चची सतरा तारीख. मंगळवार. रात्रीचे पावणेदोन.

बाटल्या खाली जाऊन वर यायला लागल्या होत्या. बाहेर ओला बर्फ पडत होता. केबिनच्या काचेवर त्याचा नुसता चिखल, डेकवरचा दिवा तेवढा पिवळा डाग दिसत होता. तारवाला एका हाताने चहाचा मग धरून आकडे म्हणत होता.

"नऊशे."

"नऊशे," कानात लंबूचा आवाज.

"आठशे."

"आठशे."

सगळं सुरळीत. आज पोरगं जांभयाही देत नाही, तारवाल्याला कौतुकच वाटलं. सातशे झाले, सहाशे झाले. चारशेला ओ आली आणि केबिनचं दार धाडकन उघडलं.

दारात लंबू उभा. नखशिखांत भिजलेला, दात वाजताहेत.

"भाऊजी, हेडफोन मेलाय माझा! केव्हाचा घसा फोडून ओरडतोय खालून. तुमचं लक्षच नाही!"

तारवाल्याने त्याच्याकडे बघितलं. मग काचेकडे बघितलं.

"केव्हाचा मेलाय?"

"अहो, हजाराच्या आधीपासून. शेवटी कठडा सोडून आलो. ओरडू नका आता."

तारवाला ओरडला नाही.

आणि कानात आवाज आला.

"तीनशे."

तारवाला काही म्हणालाच नव्हता. त्याने समोरच्या, खोली दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं. काटा बरोबर तीनशेवर होता.

त्याने विंच बंद केली. यंत्राची घरघर थांबली. तार ताठ, जागच्या जागी. काटा थोडा पुढे सरकून दोनशे नव्वदवर थांबला.

"भाऊजी... काय झालं?"

तारवाल्याने बोटाने त्याला गप्प केलं.

"दोनशे."

काटा हलला नव्हता. तार हलली नव्हती. पण आवाज वर येत होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. लॅबमधल्या शास्त्रज्ञ बाई.

"अहो, विंच का थांबवलीत? लंबूचे आकडे तर चालूच आहेत!"

"बाई... तुम्हालाही ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? स्पीकरवर स्वच्छ येतंय. शंभर म्हणाला आत्ता. ओढा ना वर."

तारवाल्याच्या हातून फोन सुटला. तो वायरीला लोंबकळत भिंतीवर आपटत राहिला. त्याने डोक्यावरचा हेडफोन ओरबाडून काढला आणि टेबलावर टाकला. काचेवर हात फिरवून खाली बघितलं. कठडा... दिवा... ओलं डेक. कुणी नाही.

फक्त कठड्याच्या पलीकडे पाणी जरा जास्तच जवळ वाटत होतं.

यंत्र बंद. लंबूने भाऊजींची बाही घट्ट धरलेली. लहानपणी ताईची धरायचा, तशी.

टेबलावरच्या हेडफोनमधून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. लंबूचाच. जरा दमलेला.

"पन्नास."

आणि लंबू म्हणाला, "पन्नास."

मुद्दाम नव्हे रे. सवयीने. घोटून घेतलेलं तोंड ते. तारवाल्याने झेप घालून त्याचं तोंड दाबलं... पण शब्द जायचा तो गेला होता.

हेडफोन गप्प झाला.

मग तारवाल्याने हात काढला. "लंबू. बोल काहीतरी."

लंबूने तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याची शीर ताणली गेली.

काही नाही... श्वासाचा आवाजसुद्धा नाही.

उजाडल्यावर बाटल्या वर घेतल्या. पाणी जसं असायला हवं तसंच. शास्त्रज्ञ बाई खूश, म्हणाल्या, इतकी चांगली मोजणी या सफरीत झाली नव्हती. जहाजावरच्या डॉक्टरांनी लंबूच्या घशात बॅटरी मारून बघितलं, परत आल्यावर मोठ्या इस्पितळात नळ्या घालून बघितलं. घसा ठणठणीत. सगळे म्हणाले, धसका घेतलाय, येईल आवाज.

बायको धक्क्यावर आली होती. भावाला बघून धावली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हाक मार की मेल्या! ताई म्हण!" लंबू तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तारवाला बाजूला उभा होता. काय झालं ते नवऱ्याला विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि सांगायची त्याची.

जिन्यात भेटतो तो उंच माणूस, ज्याला तुम्ही शिष्ट म्हणता, नमस्कार केला तर नुसती मान हलवतो म्हणून चिडवता... तोच. शिष्ट नाही तो.

तारवाल्याने दर्या सोडला. आता तो आणि लंबू एकाच खोलीत झोपतात. मला त्याने हे सांगितलं ते गेल्या आठवड्यात, खालच्या पायरीवर बसून. म्हणाला, लंबू झोपला की त्याचे ओठ हलतात. आवाज नसतो, पण डेकवरच्या माणसांचे ओठ वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. आकडे म्हणत असतो. आधी मला बरं वाटलं, वर येतोय म्हणून. मग नीट बघितलं, तर आकडे वाढत होते. रोज रात्री, आदल्या रात्री सोडले तिथून पुढे.

मी म्हटलं, अरे, तळ लागला की थांबेल.

तारवाला म्हणाला, "त्या जागेला तळ बत्तीसशेवर आहे."

"मग?"

"काल रात्री लंबू एकेचाळीसशे म्हणाला."