बाबांच्या नावापुढचा हिरवा ठिपका

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला, तो बाबांना शोधत. हातात छापील यादी, कानामागे पेन्सिल. सिस्टिम विभागात नवा होता. बाबांचं पूर्ण नाव वाचून त्याने विचारलं, हे कुठे बसतात? त्यांचं लॉगिन रोज एक वाजता तुमच्या मशीनवर दिसतं...

"ते वारले," मी म्हणाले. "अडीच महिने झाले. मी त्यांची मुलगी."

तो खुर्ची ओढून बसला. मग मी सगळं सांगितलं. बाबा इथेच तीस वर्षं नकाशे काढायचे. शेवटच्या आजारपणात एक नकाशा पाठवायचा राहिला, म्हणून त्यांनी मला पासवर्ड दिला. ते गेल्यावर त्यांचं खातं बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मी ते रोज उघडत होते. वाचत काहीच नव्हते. लॉगिन केलं की स्क्रीनवरच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा — माणूस जागेवर आहे, असा. तो समोर ठेवून मी जेवायचे.

"मला हे लिहावं लागेल," तो हळूच म्हणाला. "नोकरीवरही येऊ शकतं."

"लिहा."

"वाद नाही घालणार?"

"चोर तर चोर, वर शिरजोर कशाला?"

तो हसला... आणि लगेच ओशाळला. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. तोवर ते खातं उघडू नका, एवढंच त्याने बजावलं.

मंगळवारी तो मशीन तपासायला आला. बुधवारीही. गुरुवारी पावसात भिजून, चष्मा पुसत. तपासता तपासता बाबांबद्दल विचारायचा. बाबा रेघ मारताना श्वास रोखायचे, हे मी आईनंतर त्यालाच सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी विचारलंच, बिघाड मशीनमध्ये आहे की मशीनवालीत? त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

शुक्रवारी त्याने अहवाल आधी मला वाचायला दिला. खातं मृत्यूच्याच दिवशी बंद व्हायला हवं होतं, ही चूक त्याने स्वतःच्या विभागावर घेतली होती. मुलीने लॉगिन केलं, एकही फाइल उघडली नाही, असं लिहून पुरावा जोडला होता. माझ्यासाठी लेखी समज सुचवली होती. त्यात ना काही लपवलेलं, ना काही वाढवलेलं.

"साहेबांनी मान्य केलंय," जेवणाच्या सुट्टीत परत येऊन तो म्हणाला. "खातं मला माझ्या जागेवरूनही बंद करता येईल. पण म्हटलं... तुम्ही शेजारी असाव्यात."

मी मान हलवली. त्याने माउसवर दोनदा टिचकी मारली. बाबांचं नाव यादीतून गेलं. मला वाटलं होतं, मी कोसळेन. मी डबा उघडला आणि अर्धी पोळी त्याच्यापुढे केली.

"उद्यापासून मला इथे काही काम नाही," तो म्हणाला. "तरी आलो तर?"

"या. पण मी बोलता बोलता मध्येच रडेन एखाद्या दिवशी."

"चालेल. मला गप्प बसता येतं."

ते काही खरं नव्हतं. पुढच्याच श्वासात त्याने सांगून टाकलं, की मशीन मंगळवारीच तपासून झालं होतं. बाकीचे दिवस तो नुसता मला पाहायला येत होता.